कर्जाचा सरकारी इशारा कसा तयार करावा

सरकारने लोकांना वैयक्तिक कर्जाच्या धोक्यांविषयी सावध करावे का, या प्रश्नावर दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, सज्ञान माणसाने स्वतःच्या हाताने सही केली, त्यात सरकारचा काय संबंध? दुसरा म्हणतो, सिगारेटच्या पाकिटावर इशारा असतो, मग कर्जाच्या अर्जावर का नको? गंमत अशी की इशारा म्हणजे नेमके कोणते वाक्य, ते कोणी, कोणाला आणि कधी सांगायचे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. सगळे त्यावरच अवलंबून आहे.

सिगारेटचे उदाहरण इथे लागू पडत नाही. सिगारेट एक ओढली तरी अपायच करते; कर्ज तसे नाही. तेच कर्ज एकाला शिक्षण देते आणि दुसऱ्याला देशोधडीला लावते. त्यामुळे ‘कर्ज वाईट’ असे सांगणारा इशारा अर्ध्या लोकांसाठी खोटा ठरतो आणि उरलेल्यांना तो आधीच ठाऊक असतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण न ऐकलेला मराठी कर्जदार सापडणे कठीण. म्हण ऐकून कर्ज थांबत असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

आमचे मत असे: इशारा द्यावा. पण तो आकड्यांत असावा, समोरच्या माणसाच्या स्वतःच्या कर्जाचा असावा, सहीआधी मिळावा आणि पुढे काय करायचे ते सांगणारा असावा. हे जमणार नसेल तर छपाईचा खर्च वाचवावा. ग्राहक संघटना, सरकारी खाती, नियामक संस्था यांपैकी कोणावरही असा इशारा तयार करण्याची जबाबदारी आली तर काम कसे करावे, ते पुढे दिले आहे.

आधी तपासा: इशाऱ्याने सुटणारा प्रश्न आहे का

कर्जात बुडालेली माणसे तीन वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोहोचतात. काहींना कर्ज किती महाग पडेल याचा अंदाजच आलेला नसतो. काहींना पूर्ण कल्पना असते, पण आजारपण, नोकरी जाणे, घरातल्या कमावत्याचा मृत्यू यांमुळे दुसरा मार्ग नसतो. काहींची सरळ फसवणूक झालेली असते: छुपे शुल्क, कोऱ्या कागदावर सही, परवाना नसलेला सावकार. इशारा फक्त पहिल्या गटाच्या उपयोगाचा. दुसऱ्याला आर्थिक आधार आणि हप्त्यांना सवलत लागते. तिसऱ्याला कायद्याची अंमलबजावणी लागते.

म्हणून मसुद्याला हात लावण्याआधी कर्ज-सल्ला केंद्रे, तक्रार निवारण कक्ष किंवा दिवाळखोरीची प्रकरणे यांतून साधारण २०० फाइली काढा. त्या निवडून काढू नका. दर दहावी किंवा विसावी घ्या. प्रत्येक फाइलीत पहिला थकलेला हप्ता शोधा आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत काय घडले ते एका ओळीत लिहा. उत्पन्न अचानक घटले की हप्ता पहिल्यापासूनच झेपणारा नव्हता? हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढले का? करारात न दिसणारी रक्कम वसूल झाली का? ओळी मोजल्या की चित्र स्पष्ट होते. बहुतेक प्रकरणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटातली निघाली, तर इशाऱ्याची फाइल बंद करा आणि तोच निधी सल्ला केंद्रांना द्या. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, कारण पोस्टर आठवड्यात छापून होते आणि फाइली वाचायला महिने लागतात.

आकडा काढा

खरे काम इथे आहे. व्याजावर व्याज कसे चढते याचा अंदाज माणसे सहसा कमीच धरतात, अगदी शिकलेलीसुद्धा. त्यातून कर्ज देणाऱ्याने दर सांगण्याची पद्धत बदलली की अंदाज आणखी चुकतो. तीन हिशेब प्रत्येक मसुदा लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने करून पाहावेत.

पहिला हिशेब सपाट दराचा. १,००,००० रकमेचे कर्ज, दोन वर्षे, दर शेकडा १२ ‘फ्लॅट’. व्याज २४,००० धरले जाते, एकूण १,२४,००० होतात, २४ हप्त्यांत भागले की दरमहा ५,१६७. ऐकायला ठीक वाटते. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १,००,००० वर लावलेले असते. घटत्या शिल्लकेवर हिशेब मांडला तर हाच दर वर्षाला सुमारे २१.६ टक्के पडतो. आता २ टक्के प्रक्रिया शुल्क आधीच कापून हातात ९८,००० दिले, तर दर सुमारे २३.७ टक्क्यांवर जातो. जाहिरातीत १२, प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि यात कोणी खोटे बोललेले नाही. म्हणून सर्व शुल्क धरून काढलेला वार्षिक दर सांगण्याची सक्ती हवी. अमेरिकेत ती १९६८ च्या कायद्याने आली. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना असा दर दाखवणारे ठळक तथ्य पत्रक द्यावे लागते.

दुसरा हिशेब क्रेडिट कार्डावरच्या ‘किमान देय’ रकमेचा. थकबाकी १,००,०००, व्याज दरमहा ३ टक्के, किमान देय शिल्लकेच्या ५ टक्के, नवी खरेदी शून्य. माणूस वर्षभर न चुकता किमान रक्कम भरतो. वर्षअखेर त्याने सुमारे ५५,००० भरलेले असतात आणि थकबाकी असते सुमारे ७७,०००. म्हणजे ३२,००० नुसते व्याजात गेले. असेच चालू ठेवले तर थकबाकी १०,००० वर यायला १०६ महिने लागतात, जवळजवळ नऊ वर्षे, आणि तोवर २,१५,००० च्या वर रक्कम भरून झालेली असते. कारण साधे आहे: शिल्लक घटली की किमान रक्कमही घटते, म्हणून फेडीचा वेग मंदावत जातो. त्याच माणसाने पहिल्या महिन्याचा ५,१५० (व्याज धरून झालेल्या १,०३,००० चे ५ टक्के) हा आकडा कायम ठेवला, महिन्याला एक पैसाही जास्त नाही, तर ३० महिन्यांत कर्ज संपते आणि एकूण सुमारे १,५२,००० जातात. इशाऱ्यात घालण्यासारखे वाक्य हेच आहे. भीती दाखवण्यापेक्षा ‘हाच आकडा दर महिन्याला भरत राहा’ हे सांगणे कितीतरी जास्त कामाचे.

तिसरा हिशेब अल्पमुदतीच्या कर्जाचा. १०,००० घेतले, १४ दिवसांनी ११,५०० द्यायचे. वार्षिक दर काढला तर ३९० टक्क्यांच्या आसपास येतो. पण हा आकडा वाचून फारसे कोणी दचकत नाही. दोन आठवड्यांच्या कर्जाला वर्षाचा दर कशाला, असे वाटते. दचकवणारी गोष्ट वेगळी आहे. मुदत संपली, पैसे नाहीत, म्हणून नुसते १,५०० भरून मुदत वाढवली. असे सहा वेळा केले की १२ आठवड्यांत ९,००० गेलेले असतात आणि १०,००० देणे जसेच्या तसे उभे असते.

हा फरक संशोधनातही दिसला आहे. मॅरिअन बर्ट्रांड आणि अडेअर मोर्स यांनी अमेरिकेतल्या पुढच्या पगारापर्यंतच्या अल्पमुदत कर्जांवर प्रयोग करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्जाच्या पाकिटावर साठत जाणारे शुल्क डॉलरमध्ये छापून दाखवले, तेव्हा पुढच्या महिन्यांतले असे कर्ज घेणे सुमारे ११ टक्क्यांनी घटले. ११ टक्के म्हणजे चमत्कार नव्हे, पण छापील मजकुराकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

मसुदा

वाईट मसुद्याचा नमुना जगभर तोच आहे. नेदरलँड्समध्ये २००९ पासून कर्जाच्या जाहिरातीत ‘लक्ष द्या! पैसे उसने घ्यायला पैसे मोजावे लागतात’ अशा अर्थाचे वाक्य आणि सोबत एक चित्र सक्तीचे आहे. तिथल्याच वित्तीय बाजार नियामकाने २०१६ मध्ये त्याचा परिणाम तपासला, तर ग्राहकांवर परिणाम आढळला नाही. वाक्य खरे आहे, पण त्यात नवे काही नाही. फ्रान्सच्या २०१० च्या कायद्यातले वाक्य थोडे बरे: कर्ज तुम्हाला बांधून घेते, ते फेडावेच लागते, सही करण्याआधी फेडण्याची ऐपत तपासा. इथे निदान काय करायचे ते सांगितले आहे, कसे ते नाही. ऑस्ट्रेलियात लहान रकमेच्या कर्जासाठी ठरवलेला मजकूर ‘तुम्हाला आज खरोखर कर्जाची गरज आहे का?’ असा प्रश्न विचारतो आणि मोफत सल्ल्याचा क्रमांक व इतर पर्याय देतो. तिघांत आम्हाला तो उजवा वाटतो. (युरोपीय संघाने २०२३ च्या नव्या निर्देशात मात्र नेदरलँड्सच्याच धर्तीचे वाक्य सर्व सदस्य देशांसाठी घेतले, ते २० नोव्हेंबर २०२६ पासून लागू होते. परिणामकारक गोष्टीपेक्षा सहमती होणारी गोष्ट कायद्यात लवकर शिरते.)

आता प्रत्यक्ष लिहायला घ्या. सरकारी फाइलीतून सहसा असा मसुदा येतो: ‘कर्ज घेताना ग्राहकांनी परतफेडीच्या क्षमतेचा साकल्याने विचार करावा. विलंब झाल्यास विपरीत परिणाम संभवतात.’ यात ‘तुम्ही’ नाही, आकडा नाही, आणि ‘विपरीत परिणाम’ म्हणजे काय ते वाचणाऱ्याने ओळखायचे. तोच मजकूर असा होतो:

‘तुमच्या हातात ९८,००० येतील. तुम्ही १,२४,००० परत कराल. म्हणजे २६,००० जास्त. हप्ता ५,१६७, दर महिन्याच्या ५ तारखेला, २४ महिने. एक हप्ता चुकला तर ५०० दंड, शिवाय ही नोंद तुमच्या पत-अहवालात जाईल. सही करण्याची घाई नाही. हेच दर तीन दिवस कायम राहतील. हप्ता झेपेल का अशी शंका असेल तर मोफत सल्ल्यासाठी या क्रमांकावर बोला.’

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम आहे. हातात येणारी रक्कम पहिली, कारण माणूस मंजूर रकमेवर बेत आखतो आणि कापून घेतलेले शुल्क नंतर लक्षात येते. ‘जास्त किती’ हे वजाबाकी करून दिले आहे. वाचणाऱ्याला आकडेमोड करायला लावली की तो करत नाही. टक्केवारी पहिल्या ओळीत नाही, पण ती त्याच कागदावर खाली हवीच, कारण दोन कर्जांची तुलना तिच्याशिवाय होत नाही. दंड आकड्यात आहे. ‘तीन दिवस’ ही नुसती सदिच्छा असू नये, कायदेशीर हमी असावी. भारतातल्या ठळक तथ्य पत्रकाच्या नियमात सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस अशी तरतूद आहेच.

मजकुराची लांबी आठ वाक्यांपुढे नेऊ नका. संक्षेप टाळा. ‘ईएमआय’पेक्षा ‘हप्ता’ बरा. ‘तारण’, ‘जामीनदार’, ‘दंडव्याज’ हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत ते वापरा. मसुदा तयार झाला की कर्जाशी व्यवसायाने संबंध नसलेल्या दहा-बारा जणांना वाचायला द्या. ‘समजले का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. कागद उलटा ठेवायला सांगा आणि विचारा: एकूण किती परत करायचे? एक हप्ता चुकला तर काय होईल? दोन माणसे अडखळली तरी ते वाक्य नव्याने लिहा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर बोलून ऐकवण्याची तरतूद हवी, कर्जदाराच्या भाषेत, आणि ऐकवणारा माणूस त्या कर्जावर दलाली मिळवणारा नसावा. अंगठा घेऊन ‘वाचून दाखवले’ असे लिहून टाकणे म्हणजे केवळ कागद पुरा करणे.

कधी आणि कुठे

जाहिरातीतला इशारा सर्वांत कमी कामाचा, कारण तिथे कर्जाची रक्कम ठरलेली नसते. सर्वांत जास्त उपयोग होतो तो रक्कम ठरल्यानंतर आणि सहीच्या आधी. त्यातही मधे एक रात्र गेली तर फार फरक पडतो. युरोपीय संघात ग्राहक कर्जाचा करार झाल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. असा हक्क असेल तर इशाऱ्यात तो तारखेसह लिहा. ‘१४ दिवसांत’ असे मोघम नको, ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहा.

मोबाइल अ‍ॅपवरच्या कर्जाला वेगळा विचार लागतो. तिथे मंजुरी मिनिटांत मिळते आणि सगळी रचना बोट न थांबता पुढे सरकत राहावे अशी केलेली असते. इशारा वेगळ्या पडद्यावर हवा, त्यावर दुसरे काहीही नको, आणि आधीच टिकमार्क केलेली चौकट नको. आमची सूचना: ‘एकूण किती परत करणार’ हा आकडा कर्जदाराने स्वतः टाइप केल्याशिवाय पुढचे बटण चालू होऊ नये. सवयीने हेही यांत्रिक होते, म्हणून पहिल्या तीन कर्जांनंतर या पायरीचा परिणाम पुन्हा मोजा.

दुसरी वेळ म्हणजे मुदतवाढ किंवा जुने फेडायला नवे कर्ज. इथे आधीच्या सगळ्या शुल्कांची बेरीज दाखवा: ‘या कर्जापोटी तुम्ही आतापर्यंत ४,५०० भरले आहेत. मुद्दल अजून १०,००० आहे.’ एवढे एकच वाक्य पुरते.

तिसरी वेळ पहिला हप्ता चुकल्यानंतरची, आणि तिथे सूर पूर्ण बदलायला हवा. थकबाकीदाराला धमकावणारी पत्रे गेली की तो पाकिटे उघडायचे बंद करतो, फोन उचलत नाही, आणि मदत मिळण्याजोगी वेळ निघून जाते. पत्राच्या पहिल्याच ओळीत तो काय करू शकतो ते असावे: हप्ता कमी करून मिळेल का, कोणाला भेटायचे, कोणती कागदपत्रे न्यायची. रक्कम आणि कायदेशीर परिणाम नंतर. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून कर्जदाराला सल्लागारामार्फत ६० दिवसांची उसंत मिळू शकते. त्या काळात बहुतेक व्याज, दंड आणि वसुली थांबते. पत्रात सांगण्यासारखे असे काही असेल तरच पत्राला अर्थ.

पळवाटा

इशारा सक्तीचा झाला की कर्ज देणारे तो पाळतील, पण वाचला जाणार नाही अशा रीतीने. पांढऱ्यावर फिक्कट राखाडी अक्षरे, रेडिओवर शेवटच्या तीन सेकंदांत भरधाव वाचन, फोनच्या पडद्यावर खाली सरकवल्याशिवाय न दिसणारी ओळ. नियमात ‘ठळक’ असा शब्द घातला तर त्याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो. त्याऐवजी मोजता येईल असे लिहा: व्याजदराचा किंवा हप्त्याचा आकडा ज्या आकारात आणि रंगात, त्याच आकारात आणि रंगात इशारा, ध्वनी जाहिरातीत दर मिनिटाला जितके शब्द बाकी मजकुराचे, तितकेच इशाऱ्याचे, फोनवर पहिल्याच पडद्यात, न सरकवता.

दुसरी पळवाट तोंडी. शाखेतला माणूस कागद पुढे करत म्हणतो, ‘ही नुसती सरकारची फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांनाच देतो.’ या एका वाक्याने छापील इशारा निकामी होतो. अनोळखी ग्राहक बनून पाहणी करणारे पाठवल्याशिवाय हे पकडता येत नाही. वर्षातून दोनदा, आधी न कळवता, आणि निकाल शाखेनुसार जाहीर करा.

तिसरी पळवाट सर्वांत घातक. वाद झाला की कर्ज देणारा इशाऱ्याची सही केलेली प्रत पुढे करतो: आम्ही सावध केले होते. म्हणजे ज्याच्या संरक्षणासाठी कागद काढला त्याच्याच विरुद्ध तो पुरावा ठरतो. यासाठी नियमातच स्पष्ट लिहा की इशारा दिल्याने कर्जदाराची ऐपत तपासण्याची कर्ज देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. आणि इशाऱ्याच्या कागदाला दात द्या. रिझर्व्ह बँकेच्या ठळक तथ्य पत्रकाच्या नियमात असा एक दात आहे: जे शुल्क पत्रकात दाखवलेले नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही आकारता येत नाही. एवढ्या एका वाक्यामुळे पत्रक खरे भरले जाते.

चालतो का ते मोजा

‘किती लोकांना इशारा आठवतो’ हे मोजू नका. घोषणा आठवते, वागणूक बदलत नाही. मोजायचे ते हे: ९० दिवसांत दुसरे कर्ज घेणाऱ्यांचे प्रमाण, मुदतवाढींची संख्या, पहिल्या सहा महिन्यांत थकलेले हप्ते, आणि परवाना नसलेल्या सावकाराकडे वळलेले लोक. शेवटचे मोजणे अवघड आहे, पण सोडून चालणार नाही. इशाऱ्याने अधिकृत कर्ज घटले आणि माणसे गल्लीतल्या सावकाराकडे गेली, तर कागदावर यश आणि प्रत्यक्षात नुकसान.

पद्धत: नवे अर्जदार चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने दोन गटांत वाटा, एकाला जुना कागद, दुसऱ्याला नवा. शाखेनुसार वाटू नका, कारण शाखांचे ग्राहक मुळातच वेगळे असतात. गटाचा आकार आधी ठरवा. थकण्याचे प्रमाण १० टक्के असेल आणि ते ८ टक्क्यांवर आले तर पकडायचे असेल, तर नेहमीच्या निकषांनी प्रत्येक गटात सुमारे ३,२०० माणसे लागतात. १० वरून ९ वर आल्याचे पकडायचे असेल तर सुमारे १३,५००. दोन-चारशे लोकांवर ‘प्रायोगिक योजना’ चालवून यश जाहीर करतात, त्यातून काहीच सिद्ध होत नाही, ना यश ना अपयश.

निकाल छोटे येतील, याची तयारी ठेवा. अमेरिकेच्या २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने बिलावर दोन आकडे सक्तीचे केले: फक्त किमान रक्कम भरली तर किती काळ लागेल, आणि ३६ महिन्यांत फेडायचे तर दरमहा किती. कल्पना उत्तम, वर दिलेल्या दुसऱ्या हिशेबासारखीच. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले की ३६ महिन्यांचा आकडा भरणाऱ्यांचे प्रमाण केवळ ०.४ टक्के-बिंदूंनी वाढले. त्याच कायद्याने शुल्कांवर घातलेल्या मर्यादांनी मात्र ग्राहकांचे वर्षाला सुमारे १,१९० कोटी डॉलर वाचले, असा त्याच अभ्यासाचा अंदाज. ब्रिटनमध्येही महागड्या अल्पमुदत कर्जांच्या जाहिरातीत २०१४ पासून इशारा आला, पण जानेवारी २०१५ पासून दिवसाला ०.८ टक्क्यांची आणि एकूण खर्चावर मुद्दलाइतकीच, म्हणजे १०० टक्क्यांची मर्यादा घालावीच लागली. मर्यादा घालायची राजकीय हिंमत नसली की इशाऱ्याचा आधार घेतला जातो, हे मसुदा लिहिणाऱ्याने ओळखून असावे आणि अहवालात तसे लिहावे.

नियमात काय घालून घ्यावे

आकारलेल्या पण न दाखवलेल्या शुल्काची वसुली अवैध, इशारा हा कर्ज देणाऱ्याचा बचाव नाही, आणि छापील आकार-वेगाची मोजता येणारी अट, ही तीन कलमे वर आलीच. शिवाय सल्ल्याचा क्रमांक दिला असेल तर तो उचलला जाईल याची तरतूद त्याच आदेशात हवी: भाषा, वेळ, माणसे, निधी. इशारा लागू होण्याच्या तारखेआधी महिनाभर तो क्रमांक चालवून पाहा. पहिल्या आठवड्यात फोन न लागल्यास माणूस दुसऱ्यांदा करत नाही.

शेवटचे कलम मुदतीचे. इशारा दोन वर्षांसाठीच लागू करा. मुदत संपायच्या तीन महिने आधी चाचणीचे आकडे, शाखांच्या पाहणीसह, प्रसिद्ध करण्याचे बंधन घाला. ते प्रसिद्ध झाले नाहीत तर इशारा आपोआप रद्द व्हावा. चाललेल्या वाक्यांना मुदतवाढ द्या, न चाललेली बदला, आणि नव्या मसुद्यासाठी पुन्हा २०० फाइली काढा. दोन वर्षांत कर्जे बुडण्याच्या वाटा बदललेल्या असतात.